रात्रीची नजर आणि हातातली बत्ती

व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही ‘बॅटरी’ एवढेच सांगितले. त्यांना वाटले, मोटारीची. कामगार चळवळीतला माणूस म्हणजे बोनसावर बोलणार, नाही तर कायद्यावर, अशी सर्वांची धारणा असते. आम्हांला मात्र हातात धरावयाच्या बॅटरीवरच बोलावयाचे होते. गेल्या तीस वर्षांत आम्ही चिकलठाण्याच्या आणि वाळूजच्या कारखान्यांच्या फाटकांवर पुष्कळ रात्री काढल्या, आणि गावाकडे गेलो की शेतात दारे धरण्यातही काढल्या. दोन्ही ठिकाणी एकच गोष्ट पाहिली. अंधारात काम करणाऱ्या माणसाला कशाने दिसते आणि कशाने दिसत नाही, याचा विचार त्याच्या मालकाने केलेला नसतो, सरकारने केलेला नसतो आणि, खरे बोलावयाचे तर, त्याने स्वतःही केलेला नसतो.

याउलट गोष्ट पाहा. इंग्लंडात आणि ऑस्ट्रेलियात रात्री कोल्हे मारणारे लोक आहेत. कोकरे आणि कोंबड्या राखण्यासाठी शेतकरी हे करतात, काही हौसेनेही करतात, आणि तेथील कायदा त्यांना मोकळीक देतो. हे लोक दिवा निवडताना इतका काथ्याकूट करतात की आपल्याकडे मुलगी दाखवतानाही होत नाही. झोत किती लांब जातो, काच तांबडी असावी की हिरवी, उजेड कमीजास्त करता येतो की नाही, बंदुकीवर दिवा बसवावा की दुसऱ्याच्या हाती द्यावा! तांबडी काच कशासाठी, तर कुत्र्याच्या कुळातल्या प्राण्यांना तांबडा रंग फारसा जाणवत नाही, म्हणून कोल्हा बुजत नाही. अलीकडे तर त्यांनी दिवाच सोडला आहे आणि अंगाच्या उष्णतेवरून प्राणी दाखवणाऱ्या दुर्बिणी घेतल्या आहेत.

आपल्या देशात हा उद्योग बंद आहे, आणि बंदच असावा या मताचे आम्ही आहोत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सतरावे कलम होते. कृत्रिम उजेड वापरून शिकार करणे आणि सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात शिकार करणे त्याने मना केले होते. मारलेल्या भक्ष्यावर येणाऱ्या हिंस्र जनावरापुरता खास परवाना काय तो अपवाद. १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीच्या परवान्यांची पद्धतच संपली, तेव्हा ते कलमही गेले. आपला कोल्हा आणि माळरानावरचे ते लहानखुरे खोकड हे दोन्ही प्राणी संरक्षित आहेत. कोल्हा टरबूज फोडतो, मका खातो, हे खरे. पण शेतातले उंदीरही तोच खातो, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. रोही आणि रानडुक्कर यांनी पीक लुटले तर वनखात्याकडे अर्ज करून परवानगी मागण्याची रीत आहे. परवानगीविना रात्री बंदूक घेऊन निघालेल्यांचे काय होते, ते २०२५ साली पालघर जिल्ह्यात मनोरच्या बाजूस दिसले. रानडुकराच्या शिकारीला गेलेल्या गावकऱ्यांनी सावज समजून आपल्याच सोबत्यावर गोळी झाडली आणि तो मेला. अंधारात काहीतरी हलते हे कळणे वेगळे, आणि ते काय आहे हे कळणे वेगळे. आजच्या आमच्या विषयाचा निम्मा भाग या एका वाक्यात आहे.

म्हणजे आपल्याकडे कोल्ह्यामागे बत्ती घेऊन जाणारा माणूस नाही. पण कोल्ह्याच्या, डुकराच्या, बिबट्याच्या आणि घोणशीच्या वाटेवर रोज रात्री जाणारा माणूस मात्र आहे, आणि तो लाखांनी आहे. शेतीपंपांना तीन फेजची वीज पाळीपाळीने मिळते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. २०१७ पासून सौर कृषी वाहिनीची योजना निघाली, आणि ज्या फीडरवर ती पोचली तेथे दिवसा पाणी देता येऊ लागले. जेथे पोचलेली नाही तेथे रब्बीच्या थंडीत गव्हाला आणि हरभऱ्याला पाणी द्यावयाचे तर रात्री बारा वाजता स्टार्टरची पेटी उघडावी लागते. पेटीत कधी पाल असते, कधी साप. आमच्या मते दिवसा वीज हीच पहिली मागणी. चांगली बॅटरी मिळाली म्हणून ती मागणी सोडावी, असे आमच्या बोलण्यातून कोणी काढू नये. पण वीज दिवसा येईपर्यंत रात्र काही थांबत नाही.

नोव्हेंबर २०२० मध्ये आपल्याच जिल्ह्यात, पैठण तालुक्यातल्या आपेगावात, बिबट्याने बाप आणि लेक दोघांचा बळी घेतला. पुढे बीडच्या आष्टी तालुक्यात आणि सोलापूरच्या करमाळा तालुक्यात माणसे मेली. शेवटी १८ डिसेंबर २०२० रोजी करमाळा तालुक्यात वनखात्याच्या परवानगीने एका बिबट्याला गोळी घालण्यात आली. त्या पाच आठवड्यांत आम्ही गावी दोनदा गेलो. दिवेलागणीनंतर कोणी बाहेर पडत नव्हते, पण वीज मात्र आपल्या वेळेने रात्रीच येत होती. जे निघत ते चौघे मिळून निघत, आणि चौघांत एक बॅटरी असे.

आता डोळ्याकडे येऊ. माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर दोन जातीच्या पेशी आहेत. एकीला शंकू म्हणतात. त्या सुमारे ६० लाख. त्या रंग ओळखतात, बारकावे दाखवतात, पण त्यांना उजेड भरपूर लागतो. दुसरी दंडपेशी, त्या सुमारे १२ कोटी. त्यांना रंग कळत नाही, पण अगदी मंद उजेडातही त्या काम करतात. दिवसपाळी आणि रातपाळीचे कामगारच म्हणा. पाळी बदलावयाला मात्र वेळ लागतो. उजेडातून अंधारात गेल्यावर पहिली आठदहा मिनिटे शंकू आपले असेल ते बळ लावतात, मग हळूहळू दंडपेशी कामावर येतात, आणि नजर पुरती बसावयाला अर्धा तास किंवा अधिक लागतो. या दंडपेशींत एक जांभळट द्रव्य असते. उजेडाने ते विरते आणि अंधारात पुन्हा तयार होते. ते तयार करावयाला अ जीवनसत्त्व लागते. ते नसले की रातांधळेपण येते. आमच्या लहानपणी शेवग्याच्या पाल्याची भाजी ‘डोळ्याला चांगली’ म्हणून खाऊ घालीत, त्यात तथ्य होते.

अर्धा तास लागून बसलेली ही नजर मोबाइलचा पडदा तोंडासमोर धरला की क्षणात जाते. पुन्हा अर्धा तास. तांबड्या उजेडाने ती जवळपास जात नाही, कारण दंडपेशींना तांबडा उजेड फारसा दिसतच नाही. संध्याकाळी मिरचीच्या वाफ्याजवळ उभे राहून पाहा: उन्हात लालभडक दिसणारी मिरची आधी काळी पडते आणि हिरवे पान मात्र मागाहून बराच वेळ उजळ दिसत राहते. बोहेमियातल्या पुर्किंये नावाच्या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फुलांवर हेच पाहिले आणि ते त्याच्या नावाने ओळखले जाते.

आणखी एक गोष्ट अनुभवी जागल्याला ठाऊक असते, पण कारण ठाऊक नसते. अंधारातली वस्तू नीट रोखून पाहिली की नाहीशी होते, आणि जरा बाजूला पाहिले की पुन्हा दिसते. आपण ज्या ठिकाणाने रोखून पाहतो त्या ठिकाणी पडद्यावर दंडपेशी नाहीतच, सारे शंकू आहेत. म्हणून रात्री तिरपे पाहावे. भुताच्या पुष्कळ गोष्टी येथूनच निघाल्या असाव्यात, असा आमचा तर्क आहे.

जनावराचा डोळा निराळा. बिबट्या, कोल्हा, कुत्रा, मांजर, गाय, शेळी, रोही यांच्या डोळ्याच्या पडद्यामागे आरशासारखा एक थर असतो. पडद्यातून निसटलेला उजेड तो परत पाठवतो, म्हणजे तोच उजेड दोनदा कामी येतो. बॅटरी मारली की डोळे चमकतात ते यामुळे. माणसाला हा थर नाही. आणि डुकरालाही नाही! हे आम्हांला वयाच्या चाळिशीनंतर वाचून कळले, आणि मग जुन्या कित्येक रात्रींचा उलगडा झाला. बॅटरी फिरवावी, कोठेही डोळे चमकू नयेत, म्हणून निर्धास्त पुढे जावे आणि दहा हातांवर रानडुक्कर फुत्कारून उठावे. सापाचे डोळेही अशी खूण देत नाहीत. म्हणून चमकणारे डोळे दिसले तर जनावर आहे हे नक्की. दिसले नाहीत तर काहीच नक्की नाही. रंगावरून जात ओळखण्याच्या ज्या बढाया मारतात त्यांवरही फार विसंबू नये. त्याच जनावराचा डोळा कोन बदलला की पिवळ्याचा हिरवा होतो.

हा चमकलेला उजेड जेथून आला त्याच दिशेने परत जातो. म्हणून दिवा आपल्या डोळ्याजवळ असेल तरच ती चमक आपल्याला दिसते. कंदील गुडघ्याशी धरून चालणाऱ्या आमच्या आजोबांना बिबट्याचे डोळे क्वचितच दिसले असतील. कपाळावर बांधावयाची बॅटरी या कामी सरस. पण तीच बॅटरी पायवाटेला वाईट. उजेड आणि नजर एकाच रेषेत असली की सावल्या वस्तूंच्या मागे लपतात; जमीन सपाट दिसते, खड्डा दिसत नाही, आणि ढेकळाशेजारी वेटोळे घालून पडलेले फुरसे हे दुसरे ढेकूळच वाटते. बॅटरी कमरेशी किंवा त्याहून खाली धरावी. उजेड आडवा पडला की प्रत्येक खड्याला लांब सावली येते आणि सापाच्या अंगाची गोलाई उठून दिसते. यावरून ध्यानात येईल की दूरचे पाहावयाचा दिवा आणि पायाखालचे पाहावयाचा दिवा हे दोन वेगळे दिवे आहेत. एकाच बॅटरीकडून दोन्ही कामे करून घेऊ म्हणणारा दुकानदार दोन माणसांचे काम एकाकडून करून घेणाऱ्या मालकाचा भाऊ समजावा.

दुकानात डब्यावर ‘ल्युमेन’ लिहिलेले असते. दिव्यातून एकूण किती उजेड बाहेर पडतो, त्याचे ते माप. तो उजेड एका दिशेला किती एकवटला आहे, याचे माप ‘कँडेला’. पाण्याची उपमा घ्या: ल्युमेन म्हणजे मोटारीचे एकूण पाणी, कँडेला म्हणजे नळीच्या तोंडाशी बोट दाबल्यावर उडणाऱ्या धारेचा जोर. पाणी तेच, पण धार लांब जाते. काही चांगल्या बॅटऱ्यांवर झोत किती मीटर जातो तेही छापलेले असते. ते कसे काढतात तेही सांगून टाकू. कँडेलाला ४ ने गुणावे आणि वर्गमूळ घ्यावे. १०,००० कँडेला असतील तर ४०,००० चे वर्गमूळ, म्हणजे २०० मीटर. पण त्या २०० मीटरवर उजेड किती उरतो? साधारण पौर्णिमेच्या चांदण्याएवढा. तेथे काहीतरी आहे एवढे दिसेल; शेळी की बिबट्या, ते दिसणार नाही. अंतर निम्मे केले की उजेड चौपट होतो, म्हणून छापलेल्या आकड्याच्या निम्म्यावर भरवसा ठेवावा.

येथे आमचीच एक फजिती सांगतो. एका कारखान्यात रखवालदारांना बॅटऱ्या मिळाव्यात म्हणून आम्ही भांडत होतो. १९४८ च्या कारखाना कायद्याने कामाच्या जागी पुरेसा व योग्य प्रकाश देण्याची जबाबदारी मालकावर घातली होती, पण फाटकापासून मागच्या कुंपणापर्यंतचा अंधार कोणाच्या हिशेबात नव्हता. व्यवस्थापनाने विचारले, कोणती बॅटरी पाहिजे? आम्ही छाती पुढे काढून म्हणालो, बाजारातली सर्वांत प्रखर. त्यांनी ती दिली. मोठ्या कौतुकाने दिली. चौथ्या रात्री मागच्या बाजूला फिरणाऱ्या एका रखवालदाराने खडखड ऐकून ती बॅटरी एकदम पेटवली. समोर पाच हातांवर नवा चुना दिलेली भिंत होती. सारा झोत उलटून त्याच्या डोळ्यांत आला. त्याने दिवा विझवला, एक पाऊल मागे टाकले आणि उघड्या नालीत पडून मनगट मोडून घेतले. ‘योग्य’ हा शब्द कायद्यात ‘पुरेसा’ या शब्दाच्या जोडीला का बसवला होता, ते आम्हांला त्या मनगटाने शिकवले. चूक मालकाची नव्हती, आमची होती, आणि हे आम्ही सभेतही सांगितले.

उजेड कमीजास्त करता येतो की नाही, हे म्हणून आधी पाहावे. धुक्यात आणि धुळीत तर प्रखर दिवा समोर पांढरी भिंतच उभी करतो. वयाचाही विचार करावा. पन्नाशी उलटलेल्याची बाहुली अंधारात तरुणाएवढी मोठी होत नाही, त्याला उजेड अधिक लागतो, आणि मोतीबिंदूची सुरुवात असेल तर झगमगाटाचा त्रासही अधिक होतो. हे आम्ही स्वानुभवाने सांगत आहो.

जुन्या दिव्यांबद्दल फार बोलत नाही. पेट्रोमॅक्सचा फुसफुसाट लग्नात आणि तमाशात शोभला. शेतात तो नेला की किडे आधी येत. तीन सेलांची लोखंडी नळी हातात असली की सोटाही हाती असल्याचा धीर असे. पण बारीक तारेच्या त्या दिव्यात विजेचा बहुतेक भाग उष्णतेत जाई. एलईडीने हे चित्र पालटले. निळा एलईडी साधला म्हणून पांढरा शक्य झाला, आणि त्याबद्दल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. रखवालदाराच्या कामी इतके पडलेले दुसरे पारितोषिक आम्हांला आठवत नाही.

फसवणूक आता दिव्यात नसते, सेलात असते. आजच्या बहुतेक बॅटऱ्यांत १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असा लिथियमचा सेल असतो. खऱ्या सेलात सुमारे ३,००० मिलिअँपिअर-तास, फार तर ३,५०० पर्यंत साठा मावतो. बाजारात त्याच आकाराच्या सेलावर ९,९०० छापलेले आढळते. तो आकडा वाचून खुशाल हसावे. हिशेब सोपा आहे. ३,००० चा सेल ३.७ व्होल्टचा, म्हणजे सुमारे ११ वॅट-तास. चांगला एलईडी एका वॅटला साधारण १०० ल्युमेन देतो. म्हणजे तो सेल १,००० ल्युमेनचा उजेड जेमतेम एक तास देईल, किंवा १०० ल्युमेनचा दहा तास. ‘१०,००० ल्युमेन, रात्रभर’ असे लिहिणाऱ्याने एक तर गणित शिकलेले नाही, नाही तर तुम्ही शिकलेले नाही असे गृहीत धरले आहे. डब्यावर ‘आयपी ६७’ असले तर बॅटरी एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकावी. दारे धरणाऱ्याने ही खूण पाहून घ्यावी, कारण बॅटरी पाटात पडतेच.

राहिली अंधारात पाहण्याची यंत्रे. त्यांच्या तीन जाती आहेत. पहिलीत चांदण्यांचा असेल तेवढा उजेड नळीत घेऊन हजारो पटींनी वाढवतात आणि हिरवट चित्र दाखवतात. ती सैन्याची वस्तू. आपला तिच्याशी संबंध नाही. दुसरीत डोळ्याला न दिसणारा अवरक्त उजेड टाकतात आणि कॅमेऱ्याने पाहतात. विल्यम हर्शेलने १८०० साली हे किरण शोधले. आज ते गल्लीतल्या प्रत्येक सीसीटीव्हीत आहेत. जुलै २०२४ मध्ये आपल्या शहरात उल्कानगरीत बिबट्या फिरला, तो लोकांना आधी दिसला तो अशाच कॅमेऱ्यात. फाटकाच्या कामाला हे यंत्र उत्तम आणि आता आवाक्यातलेही आहे. मात्र त्याचा उजेड फार दूर पोचत नाही, आणि चित्र दिसते ते खोलीत बसलेल्याला. नालीजवळ उभ्या असलेल्याला नाही.

तिसरे उष्णतादर्शक. याला उजेड मुळीच लागत नाही. प्रत्येक वस्तूच्या अंगातून निघणारी उष्णताच ते पाहते. वनखात्याने ड्रोनवर असे कॅमेरे बसवून उसात लपलेल्या बिबट्यांचा माग काढला आहे. पण त्याच्या खोडी आहेत. त्याला साध्या काचेपलीकडचे दिसत नाही, म्हणून त्याचे भिंग जर्मेनियमचे आणि किंमत मोठी. आपल्या एप्रिल-मे महिन्यांत तापलेला दगड रात्री दहा वाजताही जनावराच्या अंगाएवढा गरम असतो, मग दगड आणि जनावर सारखेच उजळ दिसतात. पहाटे दगड निवाला की चित्र सुधारते. शिवाय दिसतो तो एक पांढरा गोळा. वाकून दारे धरणारा माणूस आणि डुक्कर यांचे गोळे दूरवरून फार निराळे नसतात. राखणीला हे यंत्र चांगले. गोळी झाडण्याच्या निर्णयाला मुळीच नाही.

शेतावर जाणाऱ्यांना आम्ही एवढेच सांगतो, की प्रत्येकाच्या कमरेला मंद, पसरट उजेडाची एक स्वस्त बॅटरी असावी आणि चौघांत मिळून लांब झोताची एक. ती खर्चाने महाग नाही, पण सामाईक असल्यामुळे तिची निगा कोणी घेत नाही, म्हणून निगा ठेवणाऱ्याचे नाव आधी ठरवावे. पायांत गमबूट असावेत. बिबट्याच्या भागात बोलत, गाणे लावून जावे आणि वाकून काम करताना एकाने उभे राहावे, कारण वाकलेला माणूस त्याला लहान जनावर वाटतो. साप चावला तर मांत्रिक नव्हे, १०८ क्रमांक.

आमच्या त्या कारखान्यात पुढे असे ठरले की प्रत्येक रखवालदाराला कमरेची बॅटरी आणि प्रत्येक फाटकाला एक लांब झोताची. चार्जिंगची पेटी कचेरीतून काढून फाटकाच्या खोलीत आणली, कारण कचेरीला रात्री कुलूप असते. पाळी बदलताना येणाऱ्याने बॅटरी पेटवून दहा पावलांवरच्या पाटीवरची अक्षरे वाचावयाची, वाचता आली तरच वहीत सही करून बॅटरी ताब्यात घ्यावयाची, असा नियम केला. पहिल्या आठवड्यात तिघांनी सही नाकारली. एकाची बॅटरी उतरलेली निघाली. उरलेल्या दोघांच्या बॅटऱ्या ठीक होत्या; त्यांना चष्मे करून द्यावे लागले.